राउटर आणि लेअर थ्री स्विच, दोघांनाही रस्ता शिकवणारा माणूस : एड्सगर डाइक्स्ट्रा

बाळापूरहून अमरावतीला निघालेला माणूस नकाशा काढत बसत नाही. हायवेला लागायचं, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती गाठायची. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचं हे गाव मुघलांच्या फौजांपासून आजच्या ट्रकपर्यंत सगळ्यांच्या वाटेवर राहिलंय. कुठला रस्ता कुठे फुटतो हे इथल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

यंत्राचं तसं नसतं. यंत्राला ना बाळापूर माहीत, ना अकोला. त्याच्याकडे एवढीच यादी असते की अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी रस्ता आहे आणि त्याला इतका वेळ लागतो. एवढ्यावर त्याने सगळ्यात कमी वेळाची वाट कशी शोधायची?

१९५६ साली २६ वर्षांच्या एका डच तरुणाने याचं उत्तर काढलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं, राउटर नव्हता, स्विच नव्हता. आज मात्र बँकांच्या, कॉलेजांच्या, टेलिकॉम कंपन्यांच्या जाळ्यांत बसलेले राउटर आणि लेअर थ्री स्विच मोठ्या प्रमाणावर याच उत्तरावर चालतात.

नेटवर्किंग शिकणाऱ्या प्रत्येक पोराला एक प्रश्न हमखास छळतो. राउटरही रस्ता ठरवतो, लेअर थ्री स्विचही रस्ता ठरवतो, मग दोघांत फरक काय? मुलाखतीतही हा विचारतात आणि बहुतेक जण पाठ केलेलं उत्तर देऊन मोकळे होतात. या माणसाचं आयुष्य बघितलं की तो फरक आपोआप उलगडत जातो. कारण त्यातले तीन धागे, म्हणजे वाट कशी ठरवायची, यंत्राच्या कुठल्या भागाने ते काम करायचं आणि थर म्हणजे नेमकं काय, या तिन्हींवर त्याने डोकं खपवलेलं आहे.

एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा. वडील शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे आणि डच केमिकल सोसायटीचे अध्यक्षही होते. आई गणितज्ञ, पण तिने नोकरी अशी कधी केली नाही. गणितातला आडवळणाचा मार्ग टाळून सुटसुटीत उत्तर शोधायची सवय आपल्याला आईकडून लागली, असं डाइक्स्ट्रा पुढे सांगायचे. शाळेत असताना मात्र त्यांच्या डोक्यात वकिली होती. कायदा शिकायचा आणि संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाचं प्रतिनिधित्व करायचं, असा बेत होता. शाळेतले गुण विज्ञानात इतके चांगले पडले की १९४८ साली ते लायडन विद्यापीठात जाऊन पोहोचले. विषय होता सैद्धांतिक भौतिकशास्त्र.

१९५१ साली केंब्रिजला एडसॅक नावाच्या संगणकावर प्रोग्रॅम लिहायला शिकवणारा तीन आठवड्यांचा कोर्स होता. डाइक्स्ट्रा तिथे गेले. ही खबर ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमधल्या आद्रियान व्हान वाइनगार्डन यांना लागली आणि त्यांनी या पोराला नोकरीच देऊ केली. मार्च १९५२ पासून डाइक्स्ट्रा तिथे प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. नेदरलँड्समध्ये या नावाची नोकरी करणारा हा पहिला माणूस.

आणि इथेच त्यांची खरी पंचाईत झाली. एकीकडे लायडनचं भौतिकशास्त्र, दुसरीकडे ॲमस्टरडॅमचं प्रोग्रॅमिंग. तीन वर्षं त्यांनी दोन्ही ओढलं. पण प्रोग्रॅमिंग हा धंदा म्हणजे तेव्हा काहीच नव्हता. त्याची पुस्तकं नव्हती, पदवी नव्हती, नियम नव्हते. भौतिकशास्त्र सोडून यात पडायचं म्हणजे पक्कं घर सोडून मोकळ्या माळावर राहायला जाण्यासारखं. उद्या कुणी विचारलं, तुला नेमकं येतं काय, तर सांगायला काही नाही. १९५५ साली ते हा घोर घेऊन व्हान वाइनगार्डन यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. या विषयाला अजून शिस्त नाही हे त्यांनी मान्य केलं, पण संगणक आता कुठे जाणार नाहीत आणि ती शिस्त घडवणाऱ्यांपैकी एक तूच का होऊ नये, असं सुचवलं. डाइक्स्ट्रा खोलीतून बाहेर पडले तेव्हा त्यांचा निर्णय झाला होता. भौतिकशास्त्राची पदवी शक्य तितक्या लवकर उरकायची आणि प्रोग्रॅमर व्हायचं.

या निर्णयाची किंमत लगेच कळली. १९५७ साली त्यांनी रिया डेबेट्स यांच्याशी लग्न केलं. त्याही मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये आकडेमोडीचं काम करायच्या. नोंदणीच्या वेळी नवऱ्याचा व्यवसाय लिहायचा होता. डाइक्स्ट्रांनी प्रोग्रॅमर असं सांगितलं, पण ॲमस्टरडॅमच्या पालिकेने ते मान्य केलं नाही. असा धंदाच नसतो म्हणे. शेवटी कागदावर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लागलं.

लग्नाच्या आधीच्या वर्षी मात्र या नसलेल्या धंद्यातल्या माणसाने मोठं काम करून ठेवलं होतं. मॅथेमॅटिकल सेंटरने आर्मॅक नावाचा नवा संगणक बांधला होता आणि १९५६ साली त्याचं उद्घाटन होतं. पाहुणे सगळे साधे, संगणकाचा गंध नसलेले. त्यांना समजेल असं काय दाखवायचं? डाइक्स्ट्रांनी ठरवलं की देशातल्या कुठल्याही दोन शहरांमधला सगळ्यात जवळचा रस्ता यंत्राने सांगायचा. त्यासाठी त्यांनी ६४ शहरांचा नकाशा घेतला. ६४ च का, तर तेवढ्या शहरांना क्रमांक द्यायला सहा बिट पुरतात. यंत्रात जागेची चणचण होती.

एके सकाळी ते रियासोबत ॲमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले होते. फिरून दमले आणि कॅफेच्या बाहेर कॉफी प्यायला बसले. तिथे २० मिनिटांत त्यांनी पद्धत शोधली. हाताशी कागद नव्हता, पेन नव्हतं. कागद नव्हता म्हणूनच ती इतकी सोपी निघाली, असं त्यांचं मत होतं. डोक्यात मावणार नाही असा गुंता करायला तिथे वावच नव्हता.

आता ती पद्धत आपल्याच रस्त्यांवर चालवून बघू. इथून पुढचे मिनिटांचे आकडे केवळ समजण्यापुरते धरलेले आहेत, एसटीचं वेळापत्रक म्हणून कुणी वापरू नयेत.

समजा बाळापूरहून शेगाव ३५ मिनिटं, अकोला ४० आणि पातूर ४५ मिनिटं. अकोल्याहून मूर्तिजापूर ५० आणि दर्यापूर ७५. मूर्तिजापूरहून दर्यापूर ४० आणि बडनेरा ५०. दर्यापूरहून अमरावती ८०, बडनेऱ्याहून अमरावती २०. शेगाव किंवा पातूरहून अकोल्याला यायचं तर तासभर.

पहिला नियम. आत्तापर्यंत कळलेल्या ठिकाणांपैकी सगळ्यात जवळचं उचला आणि त्याच्यावर शिक्का मारा. पहिला शिक्का शेगाववर, ३५. आता कुणी म्हणेल, अमरावती पूर्वेला आणि शेगाव उलट्या बाजूला, तिकडे कशाला बघायचं? पण पद्धतीला दिशा कळत नाही. तिला फक्त आकडे कळतात. दुसरा नियम. ज्याच्यावर शिक्का मारला तिथून पुढे कुठे लवकर पोहोचता येतं का ते तपासा. शेगावहून अकोला धरलं तर ३५ आणि ६० असे ९५ होतात. आधीचे ४० च बरे. मग शिक्का अकोल्यावर, ४०. तिथून मूर्तिजापूर ९० आणि दर्यापूर ११५ असे दोन नवे आकडे मिळाले. पातूरवर शिक्का ४५, तिथून काही फायदा नाही. मग मूर्तिजापूर ९०. तिथून बडनेरा १४०, आणि दर्यापूर १३०. पण दर्यापूरचा ११५ हा आकडा आधीच हातात आहे, तो तसाच राहतो.

आता खरी गंमत. दर्यापूरवर ११५ चा शिक्का पडला आणि तिथून अमरावतीचा पहिला आकडा मिळाला, १९५. घाईचा माणूस इथेच थांबेल, अमरावती सापडली म्हणून. पद्धत थांबत नाही, कारण १९५ हा आकडा अजून कच्चा आहे. त्याच्याआधी बडनेऱ्याचा १४० चा नंबर लागतो. बडनेऱ्यावर शिक्का, तिथून अमरावती १६०. कच्चा १९५ खोडला, १६० लिहिला. आता उरलेल्यांत सगळ्यात जवळची अमरावतीच, म्हणून तिच्यावर शिक्का. काम संपलं.

एकदा शिक्का पडला की तो पुन्हा तपासायचा नाही, इथे या पद्धतीचा जीव आहे. कारण दुसरी कुठलीही वाट याहून लांबच्या ठिकाणावरून येणार, आणि कुठलाच रस्ता उणे वेळ घेत नाही. म्हणजे आकडा कमी व्हायची शक्यताच नाही. बाळापूरहून निघणाऱ्या लाखो वाटा एकेक करून तपासायची गरज उरत नाही.

ही पद्धत छापायला तीन वर्षं लागली. संगणकशास्त्राची मासिकं जवळजवळ नव्हती आणि गणितवाल्यांना हे गणित वाटत नव्हतं. शेवटी १९५९ साली न्यूमेरिशे माथेमाटिक या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात तीन पानांचं टिपण आलं. त्यात दोन प्रश्न होते. एक जवळच्या वाटेचा. दुसरा असा, की सगळी ठिकाणं एकमेकांना जोडायची पण एकूण तार कमीत कमी लागली पाहिजे. एक्स वन नावाच्या नव्या संगणकाच्या मागच्या बाजूला तांब्याची तार वाचवायची होती, त्यातून हा प्रश्न आला. याचं उत्तर याआधी यारनिक आणि प्रिम या दोघांनी स्वतंत्रपणे काढलेलं होतं, डाइक्स्ट्रांनी ते पुन्हा शोधलं. साध्या स्विचच्या जाळ्यात संदेश गोल-गोल फिरत राहू नयेत म्हणून काही जोडण्या मुद्दाम बंद ठेवून झाडासारखी रचना करतात. तिची पद्धत वेगळी आहे, पण नातं याच दुसऱ्या प्रश्नाशी. म्हणजे तीन पानांत एका बाजूला राउटरचा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला स्विचचा चुलतभाऊ.

आता दुसरा धागा, यंत्राच्या कुठल्या भागाने काम करायचं. याच एक्स वनमध्ये एक नवी सोय घालायची होती. बाहेरून काही आलं, की चालू काम मध्येच थांबवून यंत्राने आधी तिकडे बघायचं. इंटरप्ट म्हणतात ते हेच. यंत्र बांधणारे खूश होते. डाइक्स्ट्रा मात्र घाबरले. कुठल्या क्षणी अडथळा येईल हे कुणालाच माहीत नसेल, तर चूक पुन्हा घडवून बघणार कशी? त्यांनी हे काही महिने लांबवलं, शेवटी तयार झाले आणि मग असा चोख प्रोग्रॅम लिहिला की त्याच विषयावर १९५९ साली पीएच.डी. मिळवली.

याचा राउटरशी काय संबंध? जुना राउटर म्हणजे मुळात एक संगणकच होता. डेटाचं पाकीट आलं की प्रोसेसरचं काम थांबायचं, तो पाकिटावरचा आयपी पत्ता वाचायचा, तक्त्यात बघायचा, पुढच्या वाटेला लावायचा. पाकिटं वाढली की प्रोसेसरची दमछाक. एका कॉलेजच्या इमारतीत ऑफिसचं जाळं वेगळं, लॅबचं वेगळं, ग्रंथालयाचं वेगळं, आणि ही सगळी जाळी एकमेकांशी जोडायला एकच राउटर ठेवला, तर लॅबमधून ऑफिसला जाणारं प्रत्येक पाकीट त्या एका दारातून जाणार. दारावर गर्दी.

१९९० च्या दशकाच्या मध्यापासून यावर तोडगा आला. रस्ता ठरवायचं काम प्रोसेसरकडेच ठेवायचं, पण ठरलेल्या रस्त्यावर पाकीट ढकलायचं काम खास त्यासाठीच घडवलेल्या चिपला द्यायचं. चिपजवळच्या विशेष मेमरीत तक्ता लिहून ठेवायचा आणि पत्ता आला की एका फटक्यात उत्तर. प्रोसेसरला उठवायचंच नाही. स्विचच्या डब्यात ही सोय बसवली आणि त्याला नाव पडलं लेअर थ्री स्विच. २४ किंवा ४८ पोर्ट, सगळे इथरनेटचे, आणि इमारतीतल्या इमारतीत जाळ्यांमध्ये ये-जा तारेच्या पूर्ण वेगाने.

मग राउटर लागतोच कशाला? कारण चिपजवळची ती मेमरी महाग असते आणि मोजकी असते. कॉलेजच्या काही शे वाटा तिच्यात आरामात मावतात, पण सगळ्या इंटरनेटचा तक्ता नऊ लाखांहून जास्त नोंदींचा आहे. तो साध्या लेअर थ्री स्विचला झेपत नाही. शिवाय गावाच्या वेशीवर कामंही वेगळी असतात. आतल्या शेकडो मशीनना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवायचा, दूरच्या शाखेशी गुप्त बोगदा जोडायचा, इथरनेट सोडून दुसऱ्या प्रकारच्या लाइनी घ्यायच्या, बाहेरची लाइन मंद असली तर पाकिटं थोपवून धरायची. हे राउटरचं काम. घरी जो वायफायचा डबा असतो त्यात छोटा राउटर, छोटा स्विच आणि वायफाय एकत्र कोंबलेलं असतं, म्हणून आपला गोंधळ आणखी वाढतो.

राउटर म्हणजे सॉफ्टवेअर आणि लेअर थ्री स्विच म्हणजे हार्डवेअर, हे पाठ केलेलं उत्तर आता अपुरं आहे. आजच्या मोठ्या राउटरमध्येही चिपच पाकिटं ढकलते. फरक उरतो तो जागेचा आणि जबाबदारीचा. एक वेशीवर उभा असतो, दुसरा गावात फिरतो. खरेदी करताना हे चुकलं तर पैसे जातात. गावातल्या कामाला वेशीवरचा महागडा डबा येतो आणि तरीही वेग मिळत नाही, किंवा वेशीवर स्विच बसतो आणि बाहेरची लाइन जोडायच्या दिवशी कळतं की त्यात ती सोयच नाही.

तिसरा धागा लेअरचा, म्हणजे थराचा. त्याआधी एक दाढीची गोष्ट. १९६० साली डाइक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड अल्गोल ६० या भाषेचा कंपायलर लिहीत होते. काम पुरं होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं. ऑगस्टमध्ये काम झालं. झोनेव्हेल्ड यांनी दाढी काढली, डाइक्स्ट्रांनी मरेपर्यंत ठेवली.

१९६२ साली ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे सहा जणांच्या टीमला घेऊन, तेही अर्धवेळ, त्यांनी एक ऑपरेटिंग सिस्टिम बांधली. विद्यापीठाच्या डच नावातल्या आद्याक्षरांवरून तिला टी-एच-ई म्हणतात. तिची रचना थरांची होती. सगळ्यात खालचा थर प्रोसेसर कुणाला द्यायचा ते बघणार. त्याच्या वरचा मेमरी सांभाळणार. त्याच्या वरचा ऑपरेटरशी बोलणं, त्याच्या वरचा माल आत-बाहेर करणं. प्रत्येक थराने खालच्या थरावर विसंबायचं, पण तो आत काय करतो यात नाक खुपसायचं नाही. म्हणजे एकेक थर वेगळा तपासता येतो आणि चूक कुठे आहे ते सापडतं. १९६८ साली यावरचा लेख छापून आला.

नेटवर्कचे सात थर पुढे १९८४ साली प्रमाण म्हणून आले, ते वेगळ्या लोकांनी घडवले. पण विचार हाच. पहिला थर तार आणि सिग्नल. दुसऱ्या थरात एकाच जाळ्यातली मशीन एकमेकांना कारखान्यात मिळालेल्या मॅक पत्त्याने ओळखतात, जसं गल्लीत नावाने हाक मारली तरी पुरते. तिसऱ्या थरात आयपी पत्ता येतो, म्हणजे गाव, तालुका, जिल्हा, आणि इथेच रस्ता ठरवायचा प्रश्न उभा राहतो. साधा स्विच दुसऱ्या थरावर थांबतो. जो स्विच तिसऱ्या थरापर्यंत चढतो तो लेअर थ्री. नावाचा अर्थ एवढाच.

ही सिस्टिम बांधून डाइक्स्ट्रांचं नाव झालं, पण घरात वेगळंच घडलं. विद्यापीठाच्या गणित विभागाला संगणकशास्त्र हा आपला विषयच वाटत नव्हता. ज्या टीमने हे बांधलं ती मोडली गेली. डाइक्स्ट्रा खोल नैराश्यात गेले. १९५५ साली सतावलेली ती भीती, की आपल्या धंद्याला कुणी धंदाच मानणार नाही, तेरा वर्षांनी नाव कमावल्यावरही त्यांच्यासमोर उभी होती. त्यातून सावरण्यासाठी ते लिहायला बसले आणि स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंगवरची त्यांची प्रसिद्ध टिपणं तयार झाली. त्याच १९६८ साली प्रोग्रॅममधल्या गोटू या आज्ञेविरुद्ध त्यांनी एका मासिकाला पत्र लिहिलं. त्याचं भडक शीर्षक संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेलं होतं, भांडणं मात्र डाइक्स्ट्रांच्या वाट्याला आली. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पालिकेच्या कागदावर न मावलेल्या धंद्यातला हा सर्वोच्च मान.

कॉफीच्या टेबलावरची पद्धत या सगळ्या काळात नेटवर्कच्या बाहेरच होती. इंटरनेटचा पूर्वज असलेलं आर्पानेट १९६९ साली सुरू झालं तेव्हा त्यातली यंत्रं ऐकीव माहितीवर चालायची. प्रत्येकाने शेजाऱ्याला विचारायचं, तुझ्यापासून अमुक ठिकाण किती लांब? त्यात स्वतःचं अंतर मिळवायचं आणि पुढच्याला सांगायचं. चांगली बातमी पटकन पसरायची, पण एखादी लाइन तुटली की गोंधळ. दोन शेजारी एकमेकांच्या जुन्या माहितीवर विसंबून पाकीट इकडून तिकडे टोलवत राहायचे. मे १९७९ मध्ये ही रीत बदलली. आता प्रत्येक यंत्र आपल्या लाइनींची खबर सगळ्या जाळ्याला सांगणार, प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा असणार आणि प्रत्येक जण स्वतः डाइक्स्ट्रांच्या पद्धतीने वाट काढणार. १९८९ साली याच धर्तीवर ओएसपीएफ ही प्रमाण पद्धत जाहीर झाली. सगळ्यात जवळची वाट आधी, असाच त्या नावाचा अर्थ. मिनिटांच्या जागी तिथे लाइनीची किंमत असते. लाइन जितकी वेगवान तितकी किंमत कमी. राउटर असो की लेअर थ्री स्विच, ओएसपीएफ लावलं की दोघंही शिक्के मारत तीच आकडेमोड करतात.

एका कंपनीच्या जाळ्यातून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात जाताना मात्र ही पद्धत चालत नाही. तिथे जवळची वाट कुठली यापेक्षा कुणाचा कुणाशी करार आहे हे आधी बघतात. ते काम दुसऱ्या पद्धतीने होतं आणि ते वेशीवरचे राउटर करतात.

पूर्ण नकाशाच्या रीतीचाही एकदा फजितवाडा झाला. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट काही तास ठप्प पडलं. एका यंत्राच्या मेमरीत बिट गळाली आणि एकाच खबरीच्या तीन प्रती फिरू लागल्या. क्रमांक असे विचित्र पडले की प्रत्येक प्रत दुसरीपेक्षा नवी ठरायची. यंत्रं गोल-गोल तीच खबर एकमेकांना सांगत बसली. जाळं आपणहून ताळ्यावर येईना.

विशेष म्हणजे बिघडलेली व्यवस्था कुणी हात न लावता, कुठल्याही अवस्थेतून आपोआप ताळ्यावर कशी येईल, यावर डाइक्स्ट्रांनी १९७४ सालीच छोटा लेख लिहिला होता. तेव्हा तो फारसा कुणी वाचला नाही. १९८३ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेत त्याचं मोल सांगितलं आणि मग त्यावर संशोधनाची एक शाखाच उभी राहिली.

तोवर डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेन गावातल्या घरी बसून काम करत होते. १९७३ पासून ते बरोज या अमेरिकन कंपनीचे संशोधक होते आणि कंपनीची शाखा म्हणजे त्यांची घरातली अभ्यासिका. (चित्रकार व्हॅन गॉगही काही काळ याच गावात राहिला होता.) फाउंटन पेनने ते टिपणं लिहायचे, प्रत्येकाला आपल्या नावाची आद्याक्षरं आणि क्रमांक द्यायचे, झेरॉक्स काढून मोजक्या लोकांना पाठवायचे. ते लोक पुढे झेरॉक्स काढायचे. घरात टीव्ही नव्हता, हातात मोबाईल नव्हता, संगणकही फार उशिरा आला आणि तो मुख्यतः ईमेलपुरता. विरंगुळा म्हणून पियानोवर मोझार्ट. प्रोग्रॅम आधी डोक्यात बरोबर ठरला पाहिजे, यंत्रावर चालवून चुका शोधणं म्हणजे उशीर झाला, असं त्यांचं म्हणणं. नवी गोष्ट जुन्या उपमांनी शिकवणं त्यांना अजिबात पटत नसे. वर बाळापूर-अमरावतीचं उदाहरण घेतलंय, ते त्यांनी लाल शाईने खोडलं असतं.

स्वभावाने ते सोपे नव्हते. समोरच्याचं चुकलं की तोंडावर सांगायचे, भाषा झोंबणारी असायची. त्यांच्यामुळे दुखावलेले लोकही बरेच होते. १९८४ साली ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले, तिथे १९९९ पर्यंत शिकवलं. रिया आणि ते फोक्सवॅगनच्या व्हॅनमधून राष्ट्रीय उद्यानं फिरायचे. व्हॅनचं नाव टूरिंग मशीन. ट्युरिंग मशीनवरचा हा विनोद संगणकवाल्यांना लगेच कळतो.

२००२ च्या सुरुवातीला कॅन्सर घेऊन ते न्यूनेनला परतले. त्या वर्षी वितरित संगणनाच्या परिषदेने १९७४ च्या त्या दुर्लक्षित लेखाला पुरस्कार दिला. ६ ऑगस्ट २००२ रोजी राहत्या घरी डाइक्स्ट्रा गेले, वय ७२. पुढच्या वर्षी त्या पुरस्कारालाच त्यांचं नाव देण्यात आलं. त्यांच्या शेवटच्या टिपणाचा क्रमांक १३१८, तारीख एप्रिल २००२ ची. टेक्सास विद्यापीठाने ही टिपणं स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत, कुणालाही फुकट वाचता येतात.